दोन गाड्यांची एक गाडी

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली कडकबाई म्हणते. तोंडावर कुणाची हिंमत नाही, पाठीमागे म्हणतात. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतं, असा माझा अंदाज आहे. नाव पडलं ते लॉन्ड्रीमुळे. कडक खळ, कडक इस्त्री, आणि गिऱ्हाईक ठरल्या दिवशी कपडे न्यायला आलं नाही तर कडक बोलणी. एकदा एका वकिलाचा कोट महिनाभर पडून राहिला, तेव्हा बाईंनी तो स्वतःच्या हातानं त्याच्या कचेरीत नेऊन टांगला आणि त्याच्या अशिलांसमोर विचारलं, "हा तुमचाच ना? नाही, विसरलात की काय, म्हणून आणला." वकील तेव्हापासून सांगितल्याच्या आदल्या दिवशी येऊन उभा राहतो.

लॉन्ड्री म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढे काउंटर आणि मागे फळ्यांवर खाकी कागदातली गाठोडी. आतल्या खोलीत कपाटाएवढी दोन धुलाईयंत्रं, एक वाफेची प्रेस आणि जुनी घोंगडी अंथरलेलं लांबलचक टेबल. खिडकीची काच कायम वाफेनं धुरकटलेली, त्यामुळे बाहेर पाऊस आहे की ऊन, हे आम्हाला आत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून कळतं. मुख्य काम दोन हॉटेलांच्या चादरींचं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात बाईंनी मला चादरीची घडी शिकवली. दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं. "अगं, हसू नकोस, टोक सुटतं," त्या म्हणाल्या. मी हसले, टोक सुटलं, आणि अख्खी चादर पुन्हा धुवायला गेली. त्या दिवसापासून मी त्यांना ओळखते.

गाडीचं प्रकरण कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच बनावटीच्या दोन व्हॅन घेतल्या होत्या. सासऱ्यांची पांढरी, चादरी वाहायला. काकांची हिरवी, कारण काकांची गावाबाहेर रोपवाटिका आहे. सासरे गाडी चालवायचे आणि बाई शेजारी बसून रस्ता सांगायच्या. रस्ता सासऱ्यांना पाठ होता, पण ते कधी बोलले नाहीत.

सासरे गेल्यावर पंधरवड्यानं काका घरी आले. अगदी काळजीनं म्हणाले, "वहिनी, गाडी विकून टाका. तुम्हाला कुठं चालवता येणार? हॉटेलचे कपडे मी नेत-आणत जाईन."

माणूस मनापासून बोलत होता. पण बाईंच्या कानात एवढंच राहिलं, तुम्हाला कुठं चालवता येणार. त्या उठल्या. आत गेल्या आणि टॉवेलांना इस्त्री करत बसल्या. टॉवेलांना आम्ही कधीच इस्त्री करत नाही. पुढच्या सोमवारी पन्नाशी उलटलेली ही बाई ड्रायव्हिंगच्या क्लासात जाऊन बसली.

पुढे जाणं त्यांना लवकर जमलं, मागे येणं जमेना. मग मागच्या अंगणात कपड्यांच्या टोपल्या ओळीनं मांडून त्यांनी रिव्हर्सचा सराव चालवला. निम्म्या टोपल्या कामी आल्या. दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा परवाना मिळाला, त्या दिवशी त्या पांढरी व्हॅन घेऊन थेट रोपवाटिकेवर गेल्या, फाटकाबाहेर लांबलचक हॉर्न दिला आणि न थांबता निघून आल्या. तिथून पुढे दिराशी बोलणं बंद.

बंद म्हणजे तुटलं नव्हतं. काका यायचे, चहा प्यायचे, समोरासमोर बसायचे. फक्त मध्ये मी.

"अगं, तुझ्या काकांना विचार, साखर किती."

"सूनबाई, सांग त्यांना, नेहमीची."

"त्यांना म्हणावं, नेहमीची किती ते माझ्या लक्षात नाही."

लक्षात होतं. कपात साखर आधीच पडलेली असायची.

अशी काही वर्षं गेली. मग हॉटेलच्या मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनवर कचऱ्याचा ट्रक मागे येता येता चढला. बाई आत उशांचे अभ्रे मोजत होत्या. आवाज ऐकून बाहेर आल्या तर गाडीचा मागचा भाग भाकरीसारखा चपटा झालेला, आणि पुढचा असा की जणू काही घडलंच नाही. काचेवर ओरखडासुद्धा नाही.

त्यानंतर महिनाही झाला नसेल, काकांची हिरवी व्हॅन उतारावरून आपली आपण निघाली. काकांनी हँडब्रेक ओढला होता, असं ते म्हणतात. गाडी शेजाऱ्याच्या दगडी खांबावर गेली आणि तिचं नाक आत गेलं, इंजिनासकट. आत कुणी नव्हतं, म्हणून कुणाला लागलं नाही. आत कुणी नव्हतं, म्हणून दोष ढकलायलाही कुणी सापडलं नाही.

आमच्या भागात पत्र्याचं काम करणारं गॅरेज एकच. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच अंगणात, एकमेकींकडे पाठ करून येऊन उभ्या राहिल्या. गॅरेजवाला हडकुळा, कायम डोळे किलकिले करणारा माणूस. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. त्यानं दोन दिवस दोन्ही गाड्यांभोवती फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत आला. बाई प्रेसवर होत्या, म्हणून मला हळूच म्हणाला, "एक गोष्ट बोलू का? रागावणार नाही ना कुणी?"

"बोला तर."

"तुमच्या गाडीला पुढचा भाग आहे. काकांच्या गाडीला मागचा आहे. ही बनावट आता निघत नाही, सुटे भाग मिळायचे नाहीत. पण दोघींची मिळून एक होईल. मी अगदी सरळ रेषेत जोडून देतो."

आतून प्रेसचा फुसकारा थांबला. बाईंना वाफेतूनही ऐकू येतं. बाहेर येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "स्टिअरिंग कुणाच्या भागात येतं?"

"तुमच्या."

"मग बोल पुढे."

ठिणगी पुढे जे बोलला ते मात्र जोडकामाचं नव्हतं. "कापायच्या आधी नोंदणी कार्यालयात जाऊन विचारून या. हे ऐका माझं. मागे एकाची गाडी मी अशीच जोडली. इतकी सुरेख जोडली की सांधा सापडायचा नाही. पण त्यानं आधी कागद केले नाहीत, एका गाडीचे तर त्याच्याकडे नव्हतेच. आजतागायत ती गाडी त्याच्या अंगणात उभी आहे आणि आत कोंबड्या राहतात. रस्त्यावर आणता येत नाही."

"कोंबड्या?" बाईंनी विचारलं.

"अंडी देतात. पण त्याला गाडी हवी होती."

काकांना निरोप मीच दिला. ते फोनवर बराच वेळ हसले, मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "वहिनी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, स्टिअरिंग त्यांच्या बाजूला आहे, म्हणून तयार आहेत. काका म्हणाले, "मागचा भाग तर माझाच आहे ना, मग मीही येतो."

असे आम्ही तिघं बसनं नोंदणी कार्यालयात गेलो. मधल्या सीटवर अर्थातच मी. कार्यालय म्हणजे एक लांबट हॉल, जमिनीला बोल्टनं जखडलेली बाकं, आणि खिडक्यांना काचेत एवढ्या खाली पाडलेलं गोल भोक की प्रत्येकाला वाकूनच बोलावं लागतं. आमच्या खिडकीमागे एक वयस्कर कारकून होता. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, गालात पेपरमिंट. बाई वाकल्या नाहीत. ताठ उभ्या राहून काचेवर टकटक केली, तेव्हा तोच उठून उभा राहिला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं आहे. म्हणजे कटकटीचं आहे, पण सोपं आहे. कागदावर आज दोन गाड्या जिवंत आहेत. त्या दोन्ही मारायच्या आणि एक नवी जन्माला घालायची. दोन्हींचे मालकीचे मूळ कागद इथं जमा करा. कापायच्या आधीचे फोटो, कापतानाचे, जोडल्यानंतरचे. कोणता भाग कुठल्या गाडीतून आला, हे कारागिरानं लिहून सही करायची. इंजिन कुणाचं, तेही. मग आमच्या इन्स्पेक्टर गाडी तपासतील, आणि पास झाली की तिला नवा नंबर आणि नवा कागद."

"इतकं कशाला?" काकांनी विचारलं.

"कारण चोरीच्या गाड्या अशाच विकतात. एकीचा पुढचा भाग, दुसरीचा मागचा, तिसरीचा नंबर. घेणाऱ्याला काही कळत नाही, आणि एक दिवस पोलीस दारात. म्हणून प्रत्येक तुकडा कुठून आला ते आम्ही विचारतो. आणि नव्या कागदावर एक शब्द कायमचा छापला जाईल. पुनर्बांधित. पुढे कधी विकलीत तर घेणाऱ्याला कळलं पाहिजे."

"म्हणजे डाग," बाई म्हणाल्या.

"डाग नाही हो, नोंद."

"आम्हीही तेच करतो. न निघणारा डाग असला की पावतीवर आधीच लिहून देतो. डाग पूर्वीपासून आहे. नोंदच ती."

कारकुनानं पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. तसंच समजा. आता सांगा, नवी गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या," बाई म्हणाल्या.

"माझ्या," काका म्हणाले.

दोघं एकाच वेळी. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, सांग त्यांना," काका म्हणाले, "मलाही रोपं पोचवायची असतात. मी काही माझा अर्धा भाग विकणार नाही."

"त्यांना म्हणावं, चिखल आणि पांढऱ्या चादरी एका गाडीतून जात नाहीत."

"म्हणावं, मध्ये पत्र्याची भिंत घालून घेतो. आणि सकाळी चादरी, दुपारी रोपं."

"म्हणावं, भिंत वरपर्यंत पाहिजे. फट नको."

कारकून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमचाही यात काही भाग आहे का?"

"टायरसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग दोघांच्या नावानं अर्ज करा. पुढचं पुढे बघू."

कापायच्या दिवशी फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. बाई धुतलेला, खळ घातलेला एप्रन बांधून आल्या होत्या आणि प्रत्येक फोटोत गाडीशेजारी हात जोडल्यासारख्या उभ्या राहत होत्या. मी म्हटलं, आई, फोटो फक्त गाडीचा हवाय. त्या म्हणाल्या, "मग कुणाची गाडी ते कसं कळणार?" शेवटी मी तसेच काढले. कार्यालयाच्या दप्तरात आजही ते आहेत, आणि इन्स्पेक्टर बाईंनी नंतर मला सांगितलं की एवढी नीटनेटकी फाईल त्यांच्याकडे पूर्वी आली नव्हती.

ठिणगीनं खडूनं रेषा आखली, पुन्हा मोजली, पुन्हा पुसली, पुन्हा आखली. मग यंत्र सुरू केलं. पातं पांढऱ्या पत्र्याला टेकलं तशी बाईंनी तोंड फिरवलं. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर काकाही पाठ करून उभे होते. त्या गाडीत सासरे किती वर्षं बसले होते, आणि काकांच्या हिरव्या गाडीशेजारी ती किती वेळा उभी राहिली होती, हे दोघांनाच माहीत. दोघं शेजारी शेजारी, गॅरेजच्या भिंतीकडे बघत, यंत्राचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. तो फोटो मी काढला नाही.

जोडून झाली तेव्हा गाडी पुढून पांढरी आणि मागून हिरवी होती. बाईंना ती सगळी पांढरी करून हवी होती. ठिणगी म्हणाला, "आधी तपासणी. सांधा रंगाखाली झाकला तर इन्स्पेक्टर खरवडायला लावतात." म्हणून तपासणीपुरता तात्पुरता परवाना काढून दोनरंगी गाडी घेऊनच आम्ही तपासणीला गेलो. बाई चालवत होत्या, शेजारी ठिणगी, आणि मागे पत्र्याच्या भिंतीपलीकडे मी आणि काका, रिकाम्या कुंड्यांवर बसलेले.

इन्स्पेक्टर माझ्याच वयाची असेल. निळा डगला, खिशात टॉर्च, हातात दांड्याला लावलेला आरसा. चाकांच्या फळीवर उताणी झोपून ती गाडीखाली गेली आणि आम्हाला फक्त तिचे बूट दिसत राहिले. बूट हळूहळू पुढून मागे सरकत होते आणि खालून आवाज येत होता.

"चॅसी नंबर एक, पुढच्या भिंतीवर. कागदाशी जुळतो." बूट सरकले. "नंबर दोन, मागच्या तळाला. हाही जुळतो." बूट मध्यावर येऊन थांबले. "हे वेल्डिंग कुणी केलं?"

ठिणगी दोन पावलं मागे गेला. "मी. काही चुकलं का?"

"नाही. सुरेख आहे."

ठिणगीनं डोळे इतके किलकिले केले की ते उघडे आहेत की मिटले, ते कळेना.

ब्रेक पास झाले. वजन पास झालं. मग ती गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डावा इंडिकेटर द्या."

बाईंनी दिला. पुढचा डावा दिवा लुकलुकला. इन्स्पेक्टर चालत मागे गेली आणि तिथंच थबकली. "उजवा द्या बघू."

मागून काकांचं हसणं ऐकू आलं. पुढे डावा लागला की मागे उजवा लागत होता, आणि पुढे उजवा लागला की मागे डावा. मधल्या तारा जोडताना ठिणगीच्या हाताखालच्या मुलांनी कुठंतरी अदलाबदल केली होती.

"तोंड निघालंय एकीकडे आणि पाठ दुसरीकडे," इन्स्पेक्टर म्हणाली. "घरात मतभेद आहेत का काही?"

मी काकांकडे पाहिलं, काकांनी आभाळाकडे पाहिलं. बाई ओठ घट्ट मिटून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. खांदे मात्र हलत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं हसू आवरताना पाहिलं नव्हतं. गाडी त्या दिवशी नापास झाली. परत येताना एकाही वळणावर बाईंनी इंडिकेटरला हातच लावला नाही, खिडकीतून हात बाहेर काढून दाखवत आल्या.

ठिणगीनं स्वतः तारा बदलल्या, मुलांना दोन दिवस ऐकवलं, आणि दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. दोन्ही जुने नंबर कागदावर रद्द झाले. दाराच्या चौकटीवर नव्या नंबराची चपटी पट्टी रिव्हेटनं ठोकली गेली. शेवटचा कागद करायला आम्ही पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहिलो. कारकुनानं आम्हाला ओळखलं आणि या वेळी आधीच उठून उभा राहिला.

"रंग?"

"पांढरा," बाई.

"हिरवा," काका.

त्यानं मान वर न करता पांढरा-हिरवा असं लिहिलं. "बनावट, असेंबल्ड. वर्ष, चालू."

"चालू वर्ष? म्हणजे नवी?" बाईंनी विचारलं.

"कागदावर नवी. आजच जन्मली."

बाई खूश झाल्या. पदर सारखा केला. मग कारकुनानं दोघांची नावं लिहिली आणि पेन मध्येच थांबवलं.

"आता एक ठरवा. दोन नावांच्या मध्ये 'आणि' लिहू की 'किंवा'?"

"त्यात काय मोठंसं?" काका म्हणाले.

"त्यातच सगळं आहे. 'किंवा' लिहिलं तर दोघांपैकी कुणीही एकटा ही गाडी विकू शकतो. दुसऱ्याची सही लागत नाही. 'आणि' लिहिलं तर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. नवरा-बायको येतात, भाऊ येतात, या खिडकीपाशी मी दोन-दोन तास भांडणं ऐकली आहेत. घाई नाही. बाकावर बसून ठरवा."

बाई बाकावर जाऊन बसल्या. मी नेहमीप्रमाणे मध्ये बसायला गेले, तर काका अजून खिडकीशीच उभे होते. ते वाकले आणि भोकातून म्हणाले, "किंवा लिहा."

कारकुनानं चष्मा लावला. "नक्की? या बाई उद्या तुम्हाला न विचारता विकू शकतील."

"विकू देत. त्यांना वाटलं तर त्या विकतील. मी काही विचारणार नाही." काका त्याच आवाजात पुढे म्हणाले, "मागे एकदा मी त्यांना गाडी विकायचा सल्ला दिला होता. न मागता. तेव्हापासून या विषयात मी बोलत नाही."

हे सगळं ते कारकुनाला सांगत होते. पण हॉल तसा शांत होता आणि बाईंचे कान मी सांगितलेच आहेत. त्या उठल्या. मला वाटलं आता मला म्हणतील, अगं, तुझ्या काकांना सांग. मी तयारीनं मान वळवलीही. त्या माझ्या पुढून निघून गेल्या आणि खिडकीशी जाऊन दिराच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"भावजी, काहीतरीच काय बोलता," त्या म्हणाल्या. "किंवा म्हणे. उद्या तुम्ही हँडब्रेक न ओढता कुणाला विकून मोकळे व्हाल. मग मी चादरी काय डोक्यावरून नेऊ?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. किती वर्षांनी 'भावजी' ऐकलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग एवढंच म्हणाले, "हँडब्रेक ओढला होता, वहिनी."

"तो खांब चालत आला असेल मग." बाई काचेकडे वळल्या आणि प्रथमच त्या भोकाशी वाकल्या. "आणि लिहा. दोघांच्या सह्या लागू देत. यांच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

कारकुनानं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद भोकातून बाहेर सरकवला. दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला. शेवटी कागद मी घेतला.

बसनं परत जायचं नव्हतं. आता गाडी होती. बाई चालवायला बसल्या आणि काका पुढे, त्यांच्या शेजारी. मागे पत्र्याच्या भिंतीपलीकडे मी एकटी. भिंतीतून आवाज ऐकू येत होता. काका रस्ता सांगत होते. बाई म्हणत होत्या, "मला माहीत आहे, भावजी." आणि काका पुढचं वळण सांगत होते.

बोलणं सुरू झालं ते भांडणापासून, आणि बराच काळ भांडणच राहिलं. संध्याकाळी काका गाडी परत करायचे तेव्हा बाई पांढरा रुमाल घेऊन मागच्या तळावरून फिरवायच्या आणि रुमाल त्यांच्या नाकासमोर धरायच्या. काका म्हणायचे, "हा माझा भाग आहे." बाई म्हणायच्या, "रुमाल माझा आहे." शेवटी काकांनी तळाला जाड रबर अंथरलं आणि रोपांसाठी पाणी न गळणाऱ्या पेट्या केल्या. बाईंनी पेट्या पाहिल्या, वाकून वास घेतला, आणि काही बोलल्या नाहीत. ही त्यांच्याकडची मोठी शाबासकी.

एके सकाळी एक पेटी उतरवायची राहून गेली. चादरींबरोबर फर्नचं एक मोठं झुडूप हॉटेलवर पोचलं. तिथल्या हाउसकीपिंगच्या बाईंनी ते लॉबीत, जिन्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पाहिलं. तिथं कुठलीच वस्तू शोभत नव्हती, हे शोभलं. त्यांनी विचारलं, "चादरींबरोबर ही पण तुमच्याकडेच मिळतात का?"

आमच्या बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "मिळतात. दर आठवड्याला बदलून देतो. पाणी आम्ही सांगू तेवढंच घालायचं, जास्त नाही. जास्त घातलं तर मला कळतं."

रोपाला किती पाणी लागतं, हे त्यांना तोपर्यंत अजिबात माहीत नव्हतं. घरी येऊन त्यांनी काकांना फोन लावला. स्वतः लावला, मला न सांगता. आतल्या खोलीत दार लोटून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मी काउंटरवरून ऐकत होते. मधूनमधून बाईंचा आवाज यायचा, "सावकाश सांगा हो, लिहून घेतेय."

आता दोन्ही हॉटेलांत काकांची रोपं आहेत. कोमेजलेली रोपं बदलून परत येतात, ती मात्र रोपवाटिकेत जात नाहीत, आमच्या आतल्या खोलीत येतात. वाफेच्या प्रेसशेजारी फर्न अशा काही तरारतात की काकांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. त्यांनी वाकून पानं उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर काचेची घरं बांधत बसलो, आणि इथं तुम्ही चादरी इस्त्री करता करता हे करता." बाई म्हणाल्या, "खळ लागते भावजी, सगळ्याला खळ लागते." खळ बिळ काही घातलेली नव्हती.

परवा एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला दोन दिवस उशिरा आलं. बाईंनी त्याला नेहमीसारखं फैलावर घेतलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचं लक्ष आतल्या हिरवाईकडे गेलं. "त्यातलं एक मिळेल का?" त्यानं विचारलं.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शर्टाचं गाठोडं त्याच्या एका हातात दिलं आणि फर्नची कुंडी दुसऱ्या हातात. "हे दर शनिवारी दाखवायला आणायचं," त्या म्हणाल्या. "आणि शनिवार म्हणजे शनिवार. रविवारी आलात तर दोन्ही परत घेईन."